सेमिनरीचं कार्यालय हलवताना कागदपत्रं कोणती बदलायची, आणि नाराज माणसांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : कोल्हापुरात शाहूपुरीच्या सखल भागात तळमजल्यावर तुमच्या छोट्या मराठी सेमिनरीचं (म्हणजे पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेचं) कार्यालय आहे. विश्वस्तांनी ते राजारामपुरीकडं किंवा आर. के. नगरला भाड्याच्या जागेत न्यायचं ठरवलंय. कागदपत्रं कोणती बदलावी लागतील, बिथरलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना कसं सांभाळायचं आणि जागा बदलली की संस्थेची ओळख जाते का, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापुरातल्याच एका बायबल स्कूलच्या कार्यालयात मी बरीच वर्षं काढली. आमचंही बिऱ्हाड पुरानंतर हललं, त्यामुळं यातलं बरंचसं अंगावर घेतलेलं आहे.

आधी नाराजीचं बोलतो. कागद काय, उशिरा का होईना, होतात.

जागा बदलली म्हणून माणसं चिडत नाहीत, किंवा चिडली तरी आठ-पंधरा दिवसांत विसरतात. ती चिडतात त्याच टेम्पोत गुपचूप चढवलेल्या बाकीच्या गोष्टींवर. आमच्याकडं स्थलांतराच्या ठरावालाच शेपूट म्हणून संध्याकाळचा वर्ग बंद करणं, ग्रंथालयाची वेळ कमी करणं आणि एका अर्धवेळ लेखनिकाला कमी करणं जोडलं होतं. सभेत सगळी चर्चा भाडं आणि पार्किंगवर झाली. शेपटाकडं कुणी बघितलंच नाही, किंवा बघू दिलं नाही. मग सामान बांधायच्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, टेबलं न्यायला माझी ना न्हाई. पर संध्याकाळचा वर्ग कुठल्या गाडीत भरलाय, तेवढं सांगा की." उत्तर कुणाकडंच नव्हतं. पुढचं वर्षभर जे रुसवेफुगवे चालले ते या एका प्रश्नावरून. नव्या जागेला उगीच दोष लागला.

म्हणून माझं स्पष्ट मत : स्थलांतराच्या ठरावात फक्त स्थलांतर लिहा. नवा पत्ता, तारीख, भाडं, अनामत, हलवायचा खर्च, जबाबदार व्यक्ती, बस. अभ्यासक्रम, वेळापत्रक, नेमणुका, ऑनलाइन वर्ग हे सगळं वेगळ्या सभेत, आणि जमलं तर एक सत्र संपल्यावर. कुणी विश्वस्त म्हणेल की "एवीतेवी हलतोयच तर एकदमच सुधारणा करून टाकू". त्यांना चहा पाजा आणि विषय पुढच्या सभेवर टाका.

दुसरं म्हणजे कार्यालयात खरोखर कोण येतं ते बघा. विश्वस्तांना वाटतं कार्यालय म्हणजे प्राचार्यांची केबिन आणि फायली. प्रत्यक्षात दारात उभा असतो तो कोडोलीहून किंवा गडहिंग्लजहून आलेला पाळक. त्याला गुणपत्रिकेची दुय्यम प्रत हवी असते, चारची एस.टी. गाठायची असते. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून शाहूपुरीत तो चालत येत होता. आर. के. नगरला कार्यालय नेलं तर त्याला के.एम.टी.ची सिटी बस किंवा रिक्षा धरावी लागणार. राधानगरी, गगनबावड्याकडचा माणूस रंकाळा स्टँडला उतरतो, त्याला तर आणखी लांब. राजारामपुरी त्या मानानं सोयीची, आणि गल्ल्यांना नंबर असल्यानं फोनवर पत्ता सांगता येतो, हा फायदा लहान समजू नका. आर. के. नगर भाड्यात बरं पडेल, उंचही आहे, पण मग आठवड्यातला एक दिवस तरी शहराच्या मध्यभागी, एखाद्या चर्चच्या कार्यालयात, कागद देण्या-घेण्याची सोय ठेवा. मी निवडायचं असतं तर डोळे झाकून राजारामपुरी, पण पहिला किंवा दुसरा मजला.

मजल्याचं कारण कोल्हापूरकराला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या पुढं. "आमच्याकडं कधी पाणी येत नाही" असं म्हणणाऱ्या घरमालकाला २०१९ ला भिंतीवर पाणी कुठवर होतं ते शेजाऱ्यांसमोर विचारा. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरलेली असते. दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा तसलं पाणी बघितलेल्या आपल्यासारख्यांनी दोन्ही रेषांच्या बाहेरच जागा बघावी. आणखी एक. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. सहा जिल्ह्यांतले वकील आता इथं ऑफिसं शोधतायत, तेव्हा भाड्याची बोलणी लांबवू नका.

आता कागद.

भाडेकरार. अकरा महिन्यांचा करार करून नोटरी केला की झालं, हा समज आपल्याकडं घट्ट बसलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकलीय, पण नोंदणी नसली तर पुढच्या प्रत्येक टेबलावर तुम्हीच अडणार. कारण पत्त्याचा पुरावा म्हणून सगळीकडं हाच करार लागतो. संस्थेसाठी अकरा महिने घेऊच नका, तीन वर्षं तरी मागा. दर वर्षी पत्ता बदलणारी सेमिनरी कुणाला नको असते.

धर्मादाय कार्यालय. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल, तर पत्ता बदलल्यापासून ९० दिवसांच्या आत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज, आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, द्यावा लागतो. सोबत सभेची नोटीस, ठरावाची प्रत, नव्या जागेचा करार. सभेची नोटीस सगळ्या विश्वस्तांना वेळेत पोचल्याचा पुरावा आत्ताच जपून ठेवा. चेंज रिपोर्ट अडकतात ते बहुतेक करून याच मुद्द्यावर, आणि नाराज विश्वस्त हरकत घेतो तीही इथंच.

जुन्या जागेचं काय करणार ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती संस्थेच्या मालकीची असेल आणि भाड्यानं द्यायचा विचार असेल, तर इमारतीचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा किंवा विक्री याला त्याच कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्याआधी सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढून नाव वाचा. मिशनच्या काळातल्या जागा पुष्कळदा वापरतं एक मंडळ आणि नाव असतं दुसऱ्याच ट्रस्टचं. हे कार्ड हातात येईपर्यंत "आपली जागा" हा शब्द पत्रव्यवहारात वापरू नये, असं मी नव्या सचिवांना सांगत असे.

परदेशी देणगीची नोंदणी असेल तर पत्ता बदलल्याची माहिती ४५ दिवसांच्या आत ऑनलाइन, एफसी-६ए फॉर्मवर. दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं तिथंच राहतं, फक्त पत्ता दुरुस्त करून घ्या. स्थानिक वापराचं खातं दुसऱ्या शाखेत नेऊ नका. त्याचा फॉर्म वेगळा, डोकेदुखी वेगळी, आणि शाहूपुरीतल्या शाखेत जाऊन यायला असा काय वेळ लागतो? सगळ्यात आधी बघा की पोर्टलवर नोंदलेला मोबाइल कुणाचा आहे. तो निवृत्त झालेल्या खजिनदारांचा निघाला तर ओटीपीसाठी त्यांच्या घरी पेढे घेऊन जावं लागतं.

पॅन, टॅन, बँकांचं केवायसी, वीज आणि फोन ही नेहमीची कामं, लेखनिकाकडं सोपवा. पदव्या ज्या विद्यापीठाच्या किंवा (सेरामपूरसारख्या) सिनेटच्या मान्यतेनं देता त्यांना मात्र हलण्यापूर्वी कळवा, हलल्यावर नाही. कार्यालय आणि वर्ग वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर पाहणीला आलेली समिती ग्रंथालय कुठं आहे हेच पहिलं विचारते.

ग्रंथालयावर जरा थांबतो, कारण इथं होतं ते नुकसान भरून येत नाही. दाखल नोंदवहीशी प्रत्येक पुस्तक ताडून मगच खोक्यात घाला, आणि खोक्यावर कपाटाचा नंबर लिहा. खोकी लहान घ्या. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की दोन माणसांना उचलत नाही आणि तळ फाटतो. 'ज्ञानोदय'चे जुने बांधीव अंक असतील (हे नियतकालिक १८४२ पासूनचं आहे) तर ते उभे न ठेवता आडवे, कापडात गुंडाळून न्या. जुन्या लाकडी कपाटांना वाळवी लागलेली असेल तर ती तिथंच सोडा, कुणाच्या आजोबांनी दान दिलेली असली तरी. आणि पुरात भिजलेलं काही अजून तसंच पडलं असेल तर ऐका : ओली पुस्तकं गच्चीवर कडक उन्हात टाकली की पानं आखडतात आणि बांधणी सुटते. २०१९ ला निम्म्या गावानं तेच केलं. ४८ तासांच्या आत बुरशी धरू लागते, म्हणून पानांत शोषकागद घालून पंख्याखाली सावलीत वाळवावीत. फार असतील तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवून नंतर थोडी थोडी काढावीत. एखादा आइस्क्रीमवाला ओळखीचा असतोच.

प्रवेश नोंदवह्या आणि जुने निकाल टेम्पोत घालायचेच नाहीत. स्कॅन करून, मग मूळ वह्या एखाद्या जबाबदार माणसानं स्वतःच्या गाडीतून न्याव्यात.

आता ओळखीचा प्रश्न. कोल्हापुरात १८५२ मध्ये मिशनचं काम सुरू करणारे रॉयल वाइल्डर ज्या सेमिनरीत शिकले, तिचीच गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली अँडोव्हर सेमिनरी, स्थापना १८०७. १९०८ मध्ये ती मूळ गाव सोडून केंब्रिजला, हार्वर्डच्या शेजारी आली. दोघांची पुस्तकं एकत्र होऊन अँडोव्हर-हार्वर्ड ग्रंथालय झालं. हे सगळं निभावलं. पण १९२२ मध्ये हार्वर्डशी आणखी जवळून एक होण्याची योजना आली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मूळ दात्यांची अट होती की प्राध्यापकांनी ठरावीक धर्ममत मान्य करून त्यावर सही करायची. नव्या योजनेत ती बसत नव्हती. १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं योजना रोखली. १९३१ मध्ये सेमिनरी न्यूटनला गेली, १९६५ मध्ये तिथल्या संस्थेत विलीन झाली, २०१७ मध्ये येल विद्यापीठाशी जोडली गेली. नावातलं अँडोव्हर गाव शंभर वर्षांपूर्वीच मागं पडलं, नाव मात्र टिकलं. कोर्टात अडलं ते काय, तर दात्यांची अट. पत्ता बदलल्यावर कुणी अडवलं नव्हतं. तुमची घटना आणि जुनी दानपत्रं या निमित्तानं एकदा वाचून काढा, असं म्हणतो ते यासाठी.

इतकं लांब कशाला, पुण्याच्या बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ यवतमाळला होती. यवतमाळ-पुणे म्हणजे कुटुंबं, मुलांच्या शाळा, सगळंच उपटून नेणं. आपल्या गावात राजाराम कॉलेज भवानी मंडपाजवळून विद्यापीठाच्या बाजूला गेलं, तरी त्याला कुणी दुसरं कॉलेज म्हणत नाही. तुमचं तर थोड्याच किलोमीटरचं काम आहे.

हलायचं कधी? मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. निकाल लागून गेलेले असतात, प्रवेश सुरू व्हायचे असतात आणि वळवाचा एखादा तडाखा सोडला तर पाऊस नसतो. जून ते सप्टेंबर अजिबात नको, दिवाळीत हमाल मिळत नाहीत. नव्या जागेतली पहिली प्रार्थना खोकी उघडण्यापूर्वी घ्या, आणि ती मुख्य पाहुण्यांऐवजी सगळ्यात जुन्या कर्मचाऱ्याला चालवू द्या. अध्यक्षांचं भाषण नंतर होऊ दे.

जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी पत्र्यावर रंगवून लावा, फ्लेक्स पहिल्याच पावसात फाटतो. खाली फोन नंबर मोठा लिहा आणि शेजारच्या चहावाल्याकडं नव्या पत्त्याची कार्डं देऊन ठेवा. पोस्टमनला सांगणं आणि पोस्टात पत्र पुनर्निर्देशनाचा अर्ज देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही करा.

धर्मादायचा अर्ज भरताना काही अडलं तर इथंच खाली लिहा, माझ्याकडं आमच्या ठरावाचा मसुदा आहे. नावं खोडून देतो.