उद्या किती भाकऱ्या टाकू?

नगरकडचे, सध्या पिंपरीत नोकरीला असलेले ३६ वर्षांचे एक वाचक लिहितात:

“नऊ वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या गावच्या चर्चमध्ये, गेलो नाही. भांडण नाही, काही नाही. एक रविवार चुकला, मग चुकतच गेला. आता परत जायचंय, पण रिकाम्या हाताने कसा जाऊ? महिना २,००० रुपये धरून थकलेला दशांश (मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा भाग) २,१६,००० होतो. महिना ६,००० प्रमाणे तीन वर्षांत फिटेल. तोवर केलेली प्रार्थना देव ऐकेल, की आधी सगळं फेडावं? आई गावीच असते. अजून दर शनिवारी रात्री फोन करून ‘उद्या किती भाकऱ्या टाकू?’ विचारते, मी विषय बदलतो.”

हिशेब तपासला. बरोबर आहे. ३६ हप्ते, रुपयाचाही फरक नाही. एक आकडा मात्र तुम्ही काढलाच नाही: नऊ वर्षांचे शनिवार ४६८ होतात. तेवढ्या वेळा तुम्हाला जेवायला बोलावलं आणि तुम्ही पाऊसपाण्याचं बोललात. वर हे पत्राच्या शेपटाला, जाता जाता.

प्रार्थनेबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देणं मला जड जातंय, कारण तो देवाला सावकार समजून विचारलाय.

उधळ्या पुत्राचा, बापाकडून वाटणी घेऊन ती उडवणाऱ्या धाकट्या पोराचा, येशूने सांगितलेला दाखला शब्बाथ शाळेपासून (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गापासून) ऐकत आला असाल. आज बायबलातलं लूक १५ काढा आणि १८-१९ ही वचनं २१व्या वचनाशेजारी ठेवून वाचा. डुकरं राखता राखता पोराने भाषण जुळवलंय: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. बापासमोर यातलं पहिलं आणि दुसरं बोलून होतं. तिसरं तो बोलूच शकत नाही, कारण बाप मध्येच चाकरांना हाका मारायला लागतो. झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडे घाला. गुलाम अनवाणी असत, त्यामुळे मोलकरी होण्याचा विषय त्या जोड्यांपाशीच मिटतो. पोराची सगळी तयारी होती, रागाची, कष्टाची, चाकरांच्या पंगतीत बसायची. बाप धावत येईल, याची नव्हती.

तुमचे २,१६,००० म्हणजे तेच तिसरं वाक्य, हप्त्यांनी.

आणि दशांशाचंच म्हणाल तर बायबलातल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अध्याय १४ वाचा, २२व्या वचनापासून. पिकाचा दहावा भाग नेमल्या ठिकाणी न्यायचा आणि घरच्यांसह तिथे बसून खायचा. वाट लांबची असेल तर तो विकून पैसा न्यायचा, तिथे मनाला येईल ते घ्यायचं, गुरं, मेंढरं, द्राक्षारससुद्धा, आणि देवासमोर आनंदाने जेवायचं. लेव्याला, म्हणजे देवाच्या सेवेतल्या, स्वतःची जमीन नसलेल्या माणसाला, विसरायचं नाही. दर तिसऱ्या वर्षी तो भाग गावातच ठेवायचा, म्हणजे लेवी, परके, अनाथ आणि विधवा पोटभर जेवतील. तुम्ही जिची थकबाकी काढलीत ती पंगत होती. (पुदिना, शेप, जिऱ्यापर्यंत दशांश मोजणाऱ्यांना येशूने काय सुनावलं ते मत्तय २३ मध्ये आहे. बेतानेच वाचा.)

द्यायचंय ना, मग पुढच्या पगारापासून महिना २,००० द्या. मागच्या बाकीचं पाकीट बरोबर नेऊ नका. ते खिशात असलं की तुम्ही आधी खजिनदाराला गाठाल, आणि सगळी सकाळ पावतीत जाईल.

या शनिवारी फोन आला की ‘तीन’ म्हणा. कारणं सांगू नका. ती सुरू झाली की नऊ वर्षं निघतील, आई रडेल, तुम्ही समजूत घालाल आणि भाकऱ्या पुन्हा राहतील. रविवारी पहाटेची नगरची एसटी धरा, म्हणजे उपासनेआधी पोचाल. आईशेजारी बसा. दारात कुणीतरी “आज कसं काय येणं केलं?” म्हणेलच, दाखल्यातला, धाकट्याच्या स्वागतावर रुसलेला थोरला भाऊ प्रत्येक मंडळीत असतो. “आलो” एवढं पुरे. प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा) रविवार असेल तर पाळकांना आधी एक शब्द विचारा. मग घरी जाऊन जेवा.

‘तीन’ ऐकल्यावर आई बहुधा परत विचारेल, नीट ऐकू आलं नाही म्हणून. पुन्हा ‘तीन’च सांगा.