भिशी लागली, वेबसाइट करू का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचं पत्र थोडक्यात असं: "चार वर्षं घरातूनच कांदा-लसूण चटणी करून विकते. वर्षाला साधारण 300 किलो जाते, त्यातली 80 किलो कुरिअरने पुण्या-मुंबईला. सगळा खर्च वजा जाता किलोमागे 120 रुपये सुटतात. एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची) नोंदणी केलेली आहे. आमची 12 जणींची 5,000 रुपयांची भिशी आहे, पाचव्याच महिन्यात मला लागली आणि 60,000 हातात आले. ओळखीचा एक मुलगा 45,000 रुपयांत वेबसाइट करून देतो म्हणतो, दुसऱ्या वर्षापासून वर्षाला 12,000 मेंटेनन्स. भाचा म्हणतो, मावशी, महिना 79 रुपयांत होस्टिंग मिळतंय, चार वर्षांचं एकदम भर, बाकी मी बघतो. कुणाचं ऐकू?"

ताई, दोघांकडे येण्याआधी त्या 60,000 बद्दल बोलतो. त्यातले तुमचे स्वतःचे 25,000 आहेत. उरलेले 35,000 सात हप्त्यांत भिशीत परत जायचे आहेत. भिशी लवकर लागली की ती बिनव्याजी कर्जच असते, आणि अशा पैशातून मी तरी तेच घ्यायला सांगतो जे हप्ते संपायच्या आत पैसे मोकळे करून देईल. तुमच्या धंद्यात ती वस्तू म्हणजे मिरची. फेब्रुवारी-मार्चला गडहिंग्लजच्या बाजारात नवी संकेश्वरी येते, ब्याडगीही भरलेली असते. रोख घेऊन गेलेल्याला रंगाची, खणखणीत वाळलेली मिरची निवडून घेता येते. उधारीवाल्याला दुकानदार देईल ती उचलावी लागते. मार्चला घेतलेली मिरची कांडपातून जाऊन पावसाळ्याआधी पैसा होऊन परत येते. वेबसाइटचं तसं नाही.

आता त्या मुलाचा हिशेब. वेबसाइटचा खर्च कधीही पहिल्या वर्षावर जोखू नका, तीन वर्षांचा धरा. 45,000 आणि पुढच्या दोन वर्षांचे 12,000-12,000 मिळून 69,000. किलोला 120 रुपयांनी ही 575 किलोची कमाई झाली, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं तुम्ही फक्त वेबसाइटसाठी चटणी करायची. तेवढं भरून निघायला दरवर्षी सुमारे 190 किलो जास्तीची विक्री तिच्यातून यायला हवी. बाहेरगावची 80 किलो आहे ती 270 वर न्यावी लागेल. घरच्या दोन शेगड्यांवर कांदा-खोबरं भाजून हे होणार आहे का, ते तुम्हीच सांगा.

तो मुलगा लुबाडतोय असं मी म्हणत नाही. नीट साइट उभी करायला मेहनत लागते, दिवस जातात. दीडशे-दोनशे वस्तूंचं दुकान असतं किंवा खोल्यांचं बुकिंग घेणारं लॉज असतं, तर मीच म्हणालो असतो, द्या. तुमच्याकडे वस्तू तीन: साधी चटणी, जास्त तिखट चटणी आणि शेंगदाण्याची. त्यासाठी 45,000 नाहीत.

भाच्याचं म्हणणं जास्त विचार करण्यासारखं आहे. होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायला इंटरनेटवर भाड्याने घेतलेली जागा. तुम्ही पाठवलेला जाहिरातीचा फोटो मी मोठा करून वाचला. 79 रुपये महिना, पण 48 महिन्यांचे एकदम. म्हणजे 3,792, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 4,475 रुपये. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, नूतनीकरण महिना 399 रुपयांनी. त्या दराने एका वर्षाचे जीएसटीसह 5,650 होतात. चार वर्षांचे मिळून जेवढे भरले, त्याहून जास्त पाचव्या एका वर्षाला! होस्टिंगच्या बाजारात ही सरसकट पद्धत आहे. त्यामुळे होस्टिंग घ्यायचंच ठरलं तर पहिल्या भावात लांब मुदतीचं घेणं हिशेबाने बरोबर आहे. तिथे भाचा चुकलेला नाही. फक्त ऑटो-रिन्यूअल, म्हणजे आपोआप होणारं नूतनीकरण, चालू ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 15,000 रुपयांपर्यंतची ठरावीक कपात दर वेळी ओटीपी न मागता होऊ शकते. 24 तास आधी सूचना येते, पण ऐन मिरचीच्या हंगामात ती कुणी वाचलेली नसते.

पण होस्टिंग घ्यायचंच का, हा प्रश्न उरतो. त्यावर भाचा बहुतेक वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर, बसवणार. वर्डप्रेस 2003 पासूनचं आहे, चांगलं आहे, फुकट आहे. पण ते सांभाळावं लागतं. त्याचे आणि त्याला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांचे (प्लगइनचे) अपडेट वेळच्या वेळी टाकले नाहीत तर साइटमध्ये भलतेच लोक शिरतात. भाचा उद्या नोकरीला पुण्याला गेला की हे कोण करणार? एप्रिलमध्ये तुमचे हात तेलातिखटात असतात.

म्हणून माझं मत असं: यंदा होस्टिंग नको, फक्त नाव घ्या. चटणीच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. डॉट इन घेतलं तर नूतनीकरणाचा दर धरून वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर पडतं. इथेही पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघू नका, दुसऱ्या वर्षाचा बघा. त्या नावाला गूगल साइट्सवरचं एक साधं पान जोडा. ते पान फुकट असतं, त्याला होस्टिंग लागत नाही, सुरक्षिततेचं कुलूपही आपोआप येतं. (या कुलपाचे, म्हणजे एसएसएलचे, वेगळे 2,000-3,000 कुणी मागितले तर देऊ नका, तुमच्यासारख्या साइटला फुकटचं प्रमाणपत्र पुरतं.) भाच्याची एक संध्याकाळ जाईल. पानावर तीन वस्तू, वजन, भाव, किती टिकते, कुरिअरला किती लागतात, एफएसएसएआय क्रमांक आणि व्हॉट्सअॅपचं बटण. ग्राहक दिवसभर जे विचारतात त्याची उत्तरं एकदाच लिहून ठेवायची, एवढंच या पानाचं काम. पैसे यूपीआयवर घ्या, जसे आता घेता. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे भरून घ्यायची सोय, बसवलात तर साधारण 2 टक्के आणि त्यावर जीएसटी कापला जातो. आज त्याची गरज नाही.

फुकटचं पान उद्या बंद पडलं तर? पडू शकतं. गूगल बिझनेस प्रोफाइलबरोबर मिळणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद झाल्या, आणि ज्यांनी तोच पत्ता छापला होता त्यांचा पत्ता गेला. ज्यांचं नाव स्वतःचं होतं त्यांनी ते दुसरीकडे जोडलं. पान भाड्याच्या जागेत असलं तरी चालेल, नाव मात्र आपल्या मालकीचं हवं.

आणि ते खरोखर तुमच्याच नावावर हवं, ही गोष्ट मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. चंदगडकडचं एक काजूवालं कुटुंब माझ्याकडे सल्ल्याला येतं. साइट करणाऱ्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. दोन वर्षांनी तो गाव सोडून गेला, मुदत संपल्याचे निरोप त्यालाच जात राहिले, साइट बंद पडली. मुदत संपल्यावर काही दिवस नाव सोडवून घेता येतं, उशीर झाला तर जबर दंड भरूनही. पण खातंच आपलं नसेल तर सोडवणार कोण? त्यांच्या घरात ते नाव छापलेली 2,000 पाकिटं पडून होती. त्या आजी एकेका पाकिटावर कोरं स्टिकर लावत बसल्या होत्या, ते मी पाहिलंय. तेव्हा ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, पैसे तुमच्या खात्यातून. भाच्यालाही पासवर्ड सांगा, पण खातं तुमचं.

पाकिटावरून आठवलं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्टिकरवर मार्करने लिहिलेला मोबाइल नंबर आहे आणि चटणीचं तेल लागून त्याचे शेवटचे तीन आकडे फिसकटलेत. मुंबईच्या ज्या घरी ते पाकीट संपलं, त्यांना परत मागवायचं असेल तर कुणाला फोन करणार? माझ्या मते तुमची गेलेली विक्री इथे आहे. तेल न लागणारं, लॅमिनेशनचं छापील स्टिकर करा, त्यावर वेबसाइटचं नाव आणि क्यूआर कोड.

तर साठ हजारांची वाटणी मी अशी करीन. 35,000 मिरची, खोबरं, लसणाला. 15,000 म्हणजे भिशीचे तीन हप्ते, बचत खात्यात वेगळे, हात न लावता. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीला महामार्गावर पाणी आलं, कोल्हापुरातून गाड्या निघेनात. तुमची पुण्या-मुंबईची पार्सलं त्याच रस्त्याने जातात. विक्री थांबली तरी भिशीचा हप्ता थांबत नाही. 7,000 स्टिकर आणि चांगल्या पाकिटांना. 3,000 वेबसाइटला, त्यात तीन वर्षांचं नाव येऊन जातं.

एक सावधगिरी. साइट झाली की बेळगाव-निपाणीहून विचारणा येईल. निपाणी आपल्याला कागलच्या पुढे लागून असल्यासारखी, पण ते कर्नाटक. मसाल्यासारखा माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. ती घेईपर्यंत पानावर स्पष्ट लिहा, फक्त महाराष्ट्रात पाठवतो.

ऑर्डरच्या वहीत यंदा एक रकाना वाढवा: कुठून कळलं? प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला विचारून लिहा. दिवाळीपर्यंत पानावरून महिन्याला दहा-बारा किलोच्या नव्या ऑर्डर येऊ लागल्या, तर भाच्याची चार वर्षांची 4,475 ची योजना घ्या, तेव्हा ती मी आनंदाने मान्य करीन. त्या मुलाला आत्ताच फोन करून नाही सांगा, आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. आणि नाव या आठवड्यात नोंदवून टाका, स्टिकर छापायला टाकण्याआधी.