बाटलीवर लायसन्स नंबर आहे, मग सिरप बंदीतलं कसं?

हर्णैच्या एका मेडिकलवाल्या भावांनी विचारलंय की ड्रग इन्स्पेक्टर आले, खोकल्याच्या सिरपच्या बाटल्या बाजूला काढल्या, फॉर्म १५ हातात दिला आणि हा माल विकायचा नाही म्हणून सांगून गेले. सिरपमध्ये ब्रोमहेक्सिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अमोनियम क्लोराइड आणि मेंथॉल. भाऊ म्हणतात, यातलं एकेक औषध बाजारात राजरोस मिळतं, बाटलीवर कंपनीचा लायसन्स नंबर आहे, चिपळूणच्या होलसेलरचं पक्कं बिल आहे, मग माझं चुकलं काय?

भाऊ, सुटी औषधं चालतात म्हणजे त्यांचं मिश्रण पण चालतं, हे आधी डोक्यातनं काढा. मंजूर औषधं ठरावीक प्रमाणात पहिल्यांदा एकत्र केली की कायदा त्याला नवीन औषध धरतो आणि दिल्लीतल्या केंद्र सरकारच्या ड्रग कंट्रोलरची वेगळी मंजुरी लागते, नवीन औषधांच्या २०१९ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. बाटलीवरचा नंबर असतो राज्याने दिलेल्या उत्पादन लायसन्सचा. राज्यांनी वर्षानुवर्षं दिल्लीला न विचारता अशी लायसन्सं वाटली, मग मार्च २०१६ ला एका दमात ३४४ मिश्रणांवर बंदी आली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, पुन्हा तपासणी होऊन सप्टेंबर २०१८ ला ३२८ बंद झाली. जी १९८८ च्या आधीपासून बनतायत असा दावा होता ती तेव्हा बाजूला राहिली, त्यातल्या १४ वर २ जून २०२३ ला बंदी आली आणि तुमचं सिरप त्यात आहे. वैद्यकीय आधार नाही आणि माणसाला धोका होऊ शकतो, हे सरकारने दिलेलं कारण. लायसन्स देणारे मोकळे आणि बंदरावरचा दुकानदार अडकला, याचा मला खरंच राग येतो.

आता तुमचं बघू. बंदी औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या कलम २६ए ची, तिचा भंग झाला तर २८बी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० पर्यंत दंड. व्हॉट्सॲपवर कोणीतरी तुम्हाला कलम १९(३) पाठवलंय, की लायसन्सवाल्याकडून घेतलं आणि दोष माहीत नव्हता तर दुकानदार सुटतो, पण ते संरक्षण कलम १८ च्या, म्हणजे नकली किंवा निकृष्ट औषधं विकायला मनाई करणाऱ्या कलमाच्या, भंगापुरतं लिहिलंय, त्यामुळे नुसतं त्याच्यावर विसंबू नका. तुमचा खरा आधार म्हणजे बिल. त्यावरचा बॅच नंबर बाटलीशी जुळतो का बघा आणि लेबलवरची उत्पादनाची तारीख वाचा, ती २ जून २०२३ नंतरची असेल तर बंदीनंतर माल बनवला म्हणून कंपनीच पहिली अडकते. इन्स्पेक्टरनी विचारलं की होलसेलरचं नाव द्यावंच लागतं, ओळखीचा माणूस म्हणून संकोच करू नका. कंपनीला पण लेखी विचारा, याच प्रॉडक्टवर बंदीला कोर्टाचा स्टे आहे का, कारण कंपन्या हायकोर्टात जातात आणि कधी कधी मिळतो.

माल होलसेलरला परत पाठवायचा नाही, फेकायचा नाही, मागच्या तारखेचं बिल तर अजिबात नाही. फॉर्म १५ चा आदेश जास्तीत जास्त २० दिवसांचा असतो, जप्ती झाली तर फॉर्म १६ ची पावती मागून घ्या. दुकानाच्या लायसन्सबद्दल शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या, सोबत बिलांच्या झेरॉक्स, आणि सस्पेन्शन झालंच तर राज्य सरकारकडे अपील करता येतं.

आणि आज रात्रीच बाकीची कपाटं तपासा. ऑगस्ट २०२४ ला आणखी १५६ मिश्रणं बंद झालीत, ॲसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळी त्यात आहे, यादी प्रिंट काढून एकेक स्ट्रिप त्याच्याशी ताडून बघा.