आई-बाबा येणार, आणि घर पाण्यावर

सुट्टीत सगळ्यांनी एकत्र यायचे असे घरात ठरते आणि त्या बेतात आपले रोजचे जगणे कुठेच बसत नाही, हे लक्षात आल्यावर होणारी घालमेल समुपदेशक म्हणून मी वर्षभर ऐकत असते. दिवाळी उलटली की परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून अशा विचारणा वाढतात आणि ‘कुणाचे मन मोडायचे?’ हा प्रश्न बहुतेकांच्या बोलण्यात येतो. येथे ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहे, ते थोडे वेगळे आहे, कारण त्यातले जोडपे शिडाच्या बोटीवर राहते. परंतु इतरांच्या घरात जे भिंतींआड झाकले जाते, ते त्या अरुंद जागेत लपवता आले नाही, म्हणूनच हा अनुभव अनेकांच्या उपयोगी पडेल असे मला वाटते. संबंधितांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सांगलीची, वय पस्तिशीच्या आसपास. ती आणि तिचा नवरा अमेरिकेत मेरीलँड राज्यात ॲनापोलिसला राहतात. ही त्या राज्याची राजधानी. चेसापीक उपसागराच्या काठी वसलेल्या या गावात अमेरिकन नौदलाची अकादमी आहे आणि शिडाच्या बोटींसाठी ते नावाजलेले आहे. काही वर्षांपूर्वी राहते घर विकून दोघांनी अडतीस फुटी बोट घेतली, आणि तेव्हापासून मरीनाच्या, म्हणजे खासगी बोटी ठेवण्याच्या छोट्या बंदराच्या, धक्क्याला बांधलेली ती बोट हेच त्यांचे घर आहे. सोबत मोती नावाचा कुत्रा आहे, पंचवीस किलोचा, बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला. तिचा मोठा भाऊ मोटारीने तासाभराच्या अंतरावर, उत्तर व्हर्जिनियात राहतो. आई-बाबा दिवाळीपासून त्याच्याकडे आलेले होते.

तिने मला लिहिले होते ते थोडक्यात असे : “नाताळच्या सुट्टीत दहा दिवस आम्ही दादाकडे राहायला जावे असे सगळ्यांचे म्हणणे आहे. मोतीला कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवा, असे दादा सांगतो. आई म्हणते, कुत्रा घरात आला तर मी देवाजवळ बसणार नाही. मी म्हटले, मग तुम्ही बोटीवर या, तर आई गप्पच झाली. आता दादा म्हणतो की मला आई-बाबांपेक्षा कुत्रा जास्त झाला आहे. मॅडम, मी कुणाची निवड करायची?”

पुण्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. त्या वेळी आमचे बोलणे होत असे आणि ती बहुधा मोतीला फिरवून आणून नुकतीच बोटीत उतरलेली असे. पहिल्या भेटीत मी निवडीचा प्रश्न बाजूला ठेवला आणि दहा दिवस बोट सोडून जाणे मुळात शक्य आहे का, एवढेच विचारले. तिने जे सांगितले ते तिच्या घरच्यांना आजवर कुणी सांगितलेच नव्हते. हिवाळ्यात नळ गोठू नयेत म्हणून धक्क्यावरचे पाणी बंद होते आणि बोटीच्या टाकीत भरून ठेवलेले पाणी पुरवून वापरावे लागते. कडाक्याच्या थंडीत बोटीच्या आतल्या नळ्या गोठून फुटू शकतात, आणि त्या उबदार राहाव्यात म्हणून विजेचा हीटर मागे कुणी नसताना चालू ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. तळात साचणारे पाणी बाहेर टाकणारा पंप चालतो आहे की नाही, हे कुणीतरी येऊन पाहावे लागते. कुत्र्यांची वसतिगृहे नाताळच्या आठवड्यात महिने आधीच भरलेली असतात, आणि निवाऱ्यातून आलेला मोती एकटा पडला की खाणे सोडतो, हाही तिचा अनुभव होता.

ही कारणे खरी आणि पुरेशी होती. तरीही दादाला ती सबबी वाटत होती, कारण प्रत्येक वेळी भांडण झाल्यानंतर, रडवेल्या आवाजात ती सांगितली गेली होती. व्यावहारिक अडचण रागाच्या भरात मांडली की ऐकणाऱ्याला त्यातला राग तेवढा ऐकू येतो. म्हणून ती अडचण थंडपणे, बेत ठरण्याच्या आधी आणि शक्यतो लिहून कळवावी, असे मी सांगत असते, आणि तिलाही तेच सांगितले.

पण माझे लक्ष आईच्या गप्प होण्याकडे होते. मरे बोवेन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ १९५९पासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात काम करत होते. त्यांनी कुटुंबातल्या नात्यांविषयी मांडलेला एक विचार आम्ही समुपदेशक रोज वापरतो. दोन माणसांमधला ताण त्यांना आपसात पेलवेनासा झाला की तिसरे कुणीतरी त्यात ओढले जाते आणि मग सगळे बोलणे त्या तिसऱ्याभोवती फिरू लागते. हा तिसरा कधी सून असते, कधी जावई, कधी नातवाचे मार्क. या घरात ती जागा मोतीला मिळाली होती. आईला कुत्र्याची मनापासून अडचण होती हे खरेच. घराण्याचे कुलदैवत खंडोबा, देवाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतोच, असे जावयाने एकदा म्हणून पाहिले, तेव्हा “देवाचा कुत्रा माझ्या ओट्याशी येत नाही,” असे त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिले होते. पण सांगलीत मागच्या अंगणात त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे कुत्र्यांना भाकरी घातलेली होती. एवढ्या कडवटपणाला दुसरे काही कारण असावे, असे मला वाटत राहिले.

मुलीच्या संमतीने मी आईंशी बोलले. आधी त्या एकट्या बोलल्या, मग दोघी एकत्र. मी त्यांना काकू म्हणत होते. बोटीवर जायचे म्हटल्यावर तुम्हाला कोणत्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते, असे मी विचारले. बराच वेळ त्या थंडीबद्दल बोलल्या, पाण्याच्या भीतीबद्दल बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, “यांना रात्री तीनदा उठावं लागतं. गुडघे असे. त्या शिडीवरून कसे चढतील-उतरतील? आणि आत जे आहे ते म्हणे हाताने पंप मारायचं. मला जावयासमोर विचारायची लाज वाटते हो.”

मुलगी हे ऐकून स्तब्ध झाली. बोटीवरचे शौचालय कसे चालते, हे आईला सांगावे असे तिला कधी सुचलेच नव्हते आणि आईने कधी विचारले नव्हते. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत मैला पाण्यात सोडायला तिथे कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो बोटीतल्या टाकीत साठवून ठरावीक जागी उपसून घ्यावा लागतो. टाकी लहान असते, नळी अरुंद असते, कागद वेगळ्या पिशवीत टाकायचा असतो आणि भरपूर पाणी ओतण्याची आपली सवय तिथे चालत नाही. वयस्कर पाहुण्यांच्या मनातली निम्मी धास्ती याच एका गोष्टीची असते असे माझे मत आहे, आणि ते केवळ बोटीपुरते नाही. मुंबईतल्या एका खोलीच्या घरात येणाऱ्या सासू-सासऱ्यांपासून परदेशातल्या लाकडी जमिनीच्या कोरड्या न्हाणीघरापर्यंत मी हे पाहिले आहे. शौचालय, रात्रीचे उठणे, आंघोळीची वेळ आणि गुडघे यांच्याविषयी मुलांनी स्वतःहून, स्पष्ट शब्दांत, आमंत्रणाबरोबरच सांगावे. आई-वडिलांनी विचारण्याची वाट पाहिली तर ते विचारत नाहीत, दुसरेच काहीतरी कारण काढून येण्याचे टाळतात.

त्याच बोलण्यात पुढे काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज भरून आला. लेकीकडे महिनाभर राहावे, तिच्या स्वयंपाकघरात डबे भरून द्यावेत, दुपारी तिच्या पलंगावर पडून गप्पा माराव्यात, असे त्यांनी लग्नापासून मनात धरले होते. लेकीने घर विकले तेव्हा त्या घराबरोबर आपली जागाही गेली, असे त्यांना वाटले. “हिनं कुत्र्याला जागा केली, मला नाही केली,” हे वाक्य त्यांच्याच तोंडचे आहे. मुलगी त्यावर काही बोलली नाही, आणि त्या क्षणी न बोलणेच योग्य होते. आईच्या या दुःखाला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. बोटीवर राहण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हेही त्याने ठरत नाही. ते दुःख आहे असे मान्य करणे, आणि मग आईसाठी खरोखरच काही जागा करणे, एवढे लेकीच्या हातात होते.

आता राहिला मुक्कामाचा प्रश्न. येथे मला एक गोष्ट खटकली होती. कुत्रा घरात घ्यायचा की नाही याविषयी आई बोलत होती, दादा बोलत होता, पण ज्या वहिनीच्या घरात हे सगळे घडणार होते, तिला कुणी विचारलेच नव्हते. मी मुलीला सरळ वहिनीशी बोलायला सांगितले. वहिनीचे म्हणणे अगदी साधे निघाले : तळघराला मागच्या अंगणात उघडणारे स्वतंत्र दार आहे, मोतीने तिथे राहावे, वरच्या मजल्यावर येऊ नये, आणि लहान मुलासोबत त्याला एकटे सोडू नये. इतकी स्पष्ट अट मिळाल्यावर सगळ्यांनाच हायसे वाटले. ज्याच्या घरात राहायचे त्याचे नियम पाळायचे, हे काकूंनाही मान्य झाले आणि मुलीलाही.

शेवटी ठरले ते असे. दहा दिवसांऐवजी नाताळचे तीन दिवस दोघांनी मोतीला घेऊन दादाकडे राहायचे, आणि त्या काळात धक्क्यावरच्या शेजाऱ्याने रोज बोटीवर चक्कर मारायची. त्यानंतर आई-बाबांनी ॲनापोलिसला यायचे, दिवस बोटीवर घालवायचा आणि रात्री जवळच्या हॉटेलात झोपायचे. हॉटेलाचे नाव काढताच बाबांना ते लागले. “लेकीचं घर असताना हॉटेलात?” असे ते म्हणाले. तेव्हा मुलीने प्रथमच त्यांना हिशेब नीट समजावून दिला. डिसेंबरअखेर चेसापीकचे पाणी दहा अंश सेल्सिअसच्याही खाली गेलेले असते. त्यात माणूस पडला तर पहिल्याच धक्क्याला श्वास अनावर होतो, आणि पोहता येत असले तरी त्याचा उपयोग होत नाही. धक्क्याच्या फळ्यांवर पहाटे दव गोठते. वायव्येचा जोरदार वारा सुटला की उपसागरातले पाणी ओसरते, बोट खाली बसते, आणि सकाळी एका पावलात चढलेली पायरी संध्याकाळी उडी मारण्याइतकी होते. बाबा निवृत्त अभियंता असल्यामुळे हे त्यांना पटले. शिवाय वाऱ्याचा आणि पाण्याच्या पातळीचा संबंध कसा, हे ते लेकीला उलट विचारत बसले.

मोतीची आणि काकूंची गाठ घरात न घालता बाहेर, फिरायला जाताना घालावी, असे मी सुचवले होते. नव्या माणसाला आणि कुत्र्याला आधी मोकळ्या जागेत, शेजारी-शेजारी चालू द्यावे, पट्टा घरच्या माणसाच्या हातात असावा, आणि कुणी कुणाला हात लावलाच पाहिजे असा आग्रह नसावा. बाबांनी दुसऱ्याच दिवशी पट्टा मागून घेतला. काकू चार पावले मागून चालत राहिल्या.

बोटीवरचा दिवस कसा गेला ते मुलीने मला नंतर सविस्तर सांगितले. लाईफ जॅकेट घालून बाबा धक्क्यावरून आले आणि जावयाने हात धरून त्यांना चढवले. मोतीच्या जॅकेटला पाठीवर मूठ असते, तिला धरून त्यालाही तसेच चढवतात, हे पाहून काकूंना पहिल्यांदा हसू आले. खालच्या छोट्या स्वयंपाकघरात त्यांना प्रेशर कुकर दिसला. बोटीवर राहणाऱ्यांचे ते आवडते भांडे आहे, कारण झाकण घट्ट बसते, गॅस कमी लागतो, पाणीही कमी लागते. काकूंनी त्यात भात लावला, शेजारी पिठले केले, आणि मग एकेक फळी उचलून आतली साठवण पाहिली. थंडीत बोटीच्या आतल्या बाजूला ओल धरते, त्यामुळे मुलीचा गोडा मसाला कडेने गोळा होऊ लागला होता. काकूंनी तो तव्यावर परतून घेतला, कोरड्या स्टीलच्या डब्यात भरला आणि डबा कुठल्या कप्प्यात ठेवायचा तेही त्यांनीच ठरवले. त्या कप्प्यातले दोराचे वेटोळे जावयाने काही न बोलता दुसरीकडे हलवले. आईसाठी जागा करणे म्हणजे काय, असे मुलीने मला विचारले होते. मला अभिप्रेत होते ते हेच.

एक प्रसंग मात्र बिकट झाला असता. जेवणानंतर काकूंनी आपण होऊन मोतीपुढे रव्याचा लाडू धरला. त्यात बेदाणे होते. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, कांदा-लसूण आणि चॉकलेटही त्यांना घातक असते. मुलीने झडप घालून लाडू काढून घेतला आणि काकूंचा चेहरा पडला. पण दादाकडे राहायला जाण्याआधीच जे पदार्थ कुत्र्याला चालत नाहीत त्यांची यादी वहिनीच्या फ्रिजवर लावून झालेली होती, त्यामुळे कारण सांगायला वेळ लागला नाही. मग काकूंनी मिठाशिवायचा भात वेगळा काढून त्याच्या ताटलीत घातला. सणासुदीला ज्यांच्या घरी कुत्रा असतो त्यांनी ही यादी पाहुण्यांना आधीच द्यावी. आपल्याकडे माया खाऊ घालून दाखवतात, आणि ऐन वेळी हात अडवला की तो अपमान वाटतो.

सगळे सुटले असे नाही. काकू अजूनही मोतीला देवघराच्या खोलीत येऊ देणार नाहीत, आणि मुलीनेही तो आग्रह धरू नये असे माझे मत आहे. “घर कधी घेताय?” हे दादाचे विचारणे थांबलेले नाही. त्याला सुट्टीच्या दिवसांत, जेवणाच्या पानावर उत्तर द्यायचे नाही, सुट्टी संपल्यावर फोन करून एकदाच शांतपणे बोलायचे, एवढे आम्ही ठरवले आहे.

आता पुढच्या वर्षी मुलीने सांगलीला यावे अशी आईची इच्छा आहे. मोतीला सोबत आणणे किती जिकिरीचे आहे याची चौकशी तिने केली. १ ऑगस्ट २०२४पासून अमेरिकेत परतणाऱ्या कुत्र्यांसाठीचे नियम कडक झाले असून कुत्र्यांमधल्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे, त्यामुळे मायक्रोचिप आणि अमेरिकेतच झालेल्या लसीकरणाचे सरकारी शिक्क्याचे प्रमाणपत्र अमेरिकेतून निघण्यापूर्वीच हाती असावे लागते. म्हणून नवरा मोतीजवळ बोटीवर राहील आणि ती एकटी तीन आठवड्यांसाठी माहेरी जाईल, असे ठरते आहे. हे आईला कळवले तेव्हा त्यांनी आधी जावयाच्या जेवणाची काळजी केली, आणि नंतर तिकीट कोणत्या तारखेचे काढणार ते विचारले.