दाराचे देव आणि नवे चेहरे

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत चिनी ‘निएनहुआ’, म्हणजे नववर्षाला दारा-भिंतींवर लावायची लाकडी ठशांची चित्रं, मुलांकडून करवून घ्यायची आहेत. द्वारदेवांच्या जागी शेतकरी जोडपं घेतलं तर परंपरा मोडते का? आमची शाई कागदावर फुटते, तेही सांगा. (चित्रकला शिक्षिका, घाटंजी तालुका)

उत्तर : ताई, खुशाल घ्या. ही जोडी चीनमध्ये बदलतच आली. आधी पुराणकथेतले शन्थू आणि यूल्यू, पुढे थांग राजवटीच्या काळातले (सातवं शतक) सेनापती छिन छ्योंग आणि युइछ् कुंग. १९४०च्या दशकात यानआनच्या, म्हणजे चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या तेव्हाच्या तळावरच्या, चित्रकारांनी शेतकरी-सैनिक आणले आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये नव्या कम्युनिस्ट सरकारच्या संस्कृती मंत्रालयानं नव्या विषयांची निएनहुआ काढायचा आदेशच दिला.

यानआनमधला एक धडा मात्र पाठ करावा असा आहे. तिथल्या चित्रकारांनी आधी युरोपीय धर्तीची छाया वापरली. अर्धा काळा, अर्धा पांढरा चेहरा गावकऱ्यांना पटेना. त्यांच्यातल्या गू युआन यांनी घटस्फोटाच्या अर्जावरचं १९४०चं चित्र १९४३ मध्ये छाया काढून, मोकळ्या रेषेत पुन्हा कोरलं. तुम्हीही चेहऱ्यावर छाया देऊ नका. आपल्या जिवतीच्या कागदासारखं चित्र कागदभर असू द्या आणि दाराच्या दोन फळ्यांवरची तोंडं एकमेकांकडे ठेवा. पाठीला पाठ लागली तर चिनी घरात ते अशुभ मानतात.

ठशाला तिथे नासपतीचं लाकूड वापरतात. तुम्ही शिवणीची वाळलेली, रंधा मारलेली फळी घ्या. सागाच्या भरड रेषांत बारीक काम तुटतं, एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) पाण्यानं फुगतं. पातळ कागदावरचं चित्र फळीवर पालथं चिकटवा, म्हणजे छापल्यावर सुलटं येईल. कोरताना रेषेच्या दोन्ही बाजू खाली रुंदावत न्या. बुडाशी पोखरलेली रेषा घासताना निखळते.

शाई फुटण्याची कारणं बहुधा दोन : कागद फार ओला आणि शाईत खळ नाही. तीन भाग काळ्या शाईला एक भाग तांदळाची पातळ खळ घालून सुरुवात करा. हातकागदाचा दर चौथा ताव आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसा, थप्पी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर पाट ठेवा. सकाळी कागद गार लागावा, बोटाला पाणी लागू नये. शाई ब्रशनं पातळ पसरा. कडेला साचली की रेषा जाडावते.

प्रत्येक रंगाला वेगळा ठसा करायचा तर कागदाची ओल शेवटपर्यंत सारखी लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तो दोन रंगांच्या मधेच वाळून आकसतो आणि रंग रेषेबाहेर जातो. त्यापेक्षा थिएनचिनजवळच्या यांगल्यूछिंगची रीत मुलांना सोपी पडेल : रेषा ठशानं छापायची, पूर्ण वाळू द्यायची, मग कोरडसर ब्रशनं हातानं रंग भरायचे.