सर्दीवर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या तर काय बिघडतं?

सर्दीचं काहीच बिघडत नाही, घोळ तोच आहे. सर्दी विषाणूंची, गोळी जिवाणूंवरची. पण त्या दोन गोळ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचतात. लेचेपेचे मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. वर हा गुण ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अपुऱ्या डोसाबद्दल पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं.

आमच्या फोंड्याच्या घरी फ्रीजवर बिस्किटांचा जुना डबा आहे, त्यात सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या. गेल्या चतुर्थीआधी मी शिंकत होतो, तर आईने त्यातली पट्टी काढली: "बाबांना लागू पडली होती." (बाबांना तेव्हा लघवीचा संसर्ग होता!) पट्टी उलटी केली तर मागे उभी लाल रेघ. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही.

मात्र पावसात भाटात (बागायतीत), चिखलात काम केल्यावर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर घरी बसू नका. तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. तो जिवाणूंचाच, तिथे अँटिबायोटिक लागतं, आणि लवकर लागतं.