मॅक्रो लेन्स : किड्याच्या डोळ्यावर फोकस कसा बसवायचा?

प्रश्न : ६० मि.मी.ची मॅक्रो लेन्स स्वस्तात मिळते आहे, १०० मि.मी.ची बरीच महाग आहे. दोन्ही १:१ देतात, मग जास्त पैसे का घालायचे? (सावंतवाडी)

१:१ म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर. (मि.मी. हा लेन्सच्या फोकल लेन्थचा आकडा, तिच्या बाहेरच्या लांबीचा नव्हे.) ते दोन्ही लेन्सना जमतं. फरक आहे तो किती जवळ जावं लागतं यात. १०० मि.मी.वर लिहिलेला 'किमान फोकस अंतर ३० सेंटीमीटर' हा आकडा सेन्सरपासून मोजलेला असतो. त्यातून लेन्सची प्रत्यक्ष लांबी आणि कॅमेऱ्यातलं सेन्सरपर्यंतचं अंतर वजा केलं की १०० मि.मी.च्या काचेपुढे जेमतेम १३ ते १५ सेंटीमीटर उरतात, ६० मि.मी.पुढे दहाहूनही कमी. फुलं, नाणी, दागिने यांचं त्याने काही अडत नाही. चतुर मात्र उडून जातो, आणि बसून राहिलाच तर लेन्सची सावली त्याच्यावर पडते. किडे टिपायचे असतील तर थोडं थांबा आणि ९० ते १०५ मि.मी.मधलीच घ्या. वापरलेली, मॅन्युअल फोकसची असली तरी उत्तम.

प्रश्न : कोळ्याचे डोळे स्पष्ट येतात, पाय धूसर. एफ/२२ केलं तर सगळा फोटोच मऊ दिसतो. नेमकं काय चुकतंय? (नाशिक)

एफचा आकडा म्हणजे लेन्समधल्या छिद्राचं (ऍपर्चरचं) माप : आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक. फुल फ्रेम (३५ मि.मी. फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, १:१ ला, एफ/२.८ असताना जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. एफ/११ ला तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे अख्खा कोळी एका फोटोत मावणारच नाही.

मग एफ/२२ का नको? १:१ ला छिद्र प्रत्यक्षात दुपटीच्या आकड्यासारखं वागतं : एफ/११ लावलं तर एफ/२२, एफ/२२ लावलं तर एफ/४४. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बारकावे पुसले जातात. एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाऊ नका.

खरा उपाय कोनात आहे. जे स्पष्ट हवं ते सेन्सरला समांतर आणा. चतुराचे पसरलेले पंख वरून घेतले तर एफ/८ लाही पूर्ण येतात. समोरून घेतलंत तर फक्त डोळे धरा आणि बाकीचं धूसर होऊ द्या. ऑटोफोकस बंद करून हवं ते मॅग्निफिकेशन (१:१, १:२ वगैरे) ठरवा, मग कोपरं टेकवून अंगच किंचित पुढेमागे करा आणि डोळा चमकला की तीन-चार फोटो सलग घ्या. फोकस स्टॅकिंगही आहे, म्हणजे फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेले बरेच फोटो जोडून एक करणं, पण त्यासाठी किडा आणि वारा दोघांनी स्थिर राहायला हवं.

प्रश्न : फ्लॅश वापरला की मागचं सगळं काळं येतं आणि भुंग्याच्या पाठीवर पांढरा ठिपका. (पुणे)

ठिपका म्हणजे फ्लॅशचंच प्रतिबिंब. फ्लॅशपुढे पांढऱ्या पातळ फोमचा किंवा बटर पेपरचा मोठा पडदा लावा आणि तो किड्याच्या होईल तितका जवळ आणा. काळोख येतो कारण फ्लॅशचा उजेड मागे पोचत नाही. किड्यामागे वीतभर अंतरावर एखादं पान येईल असा कोन शोधा.

प्रश्न : किडा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की हलत नाही, असा सल्ला मिळाला. करू का? (कोल्हापूर)

नाही. थंडीने गारठलेला जीव निवांत बसलेला नसतो, आणि त्या फोटोत त्याचं खरं वागणं काहीच उरत नाही. पहाटे उठा. रात्रीच्या गारव्याने चतुर आणि फुलपाखरं ऊन चढेपर्यंत गवताच्या काडीवर सुस्त बसलेली असतात, अंगावर दंव असतं, वाराही पडलेला असतो. हेच फुलांनाही लागू. कास पठारावर दवबिंदू नावाचं कीटकभक्षी रोप टिपायला गुडघे टेकताना आजूबाजूची किती रोपं दबतात ते आधी पाहा. वाटेवरून फ्रेम मिळत नसेल तर तो फोटो सोडून द्या.

प्रश्न : मॅक्रो लेन्सशिवाय सुरुवात करता येईल? (बेळगाव)

जरूर. एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. तिच्यात काच नसते, त्यामुळे लेन्सच्या दर्जात भेसळ होत नाही. ५० मि.मी.च्या लेन्समागे २५ मि.मी.ची ट्यूब लावली की साधारण १:२ मिळतं, ५० मि.मी.ची लावली तर १:१. फक्त विजेचे संपर्कबिंदू असलेली ट्यूब निवडा, नाहीतर नव्या लेन्सचं ऍपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येणार नाही.